बदनामी झाली, पण नेमकी कोणती?

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या कोर्टांत माझी नेहमीची ये-जा असते. अब्रूनुकसानीच्या नोटिसा मी लिहितो आणि समोरून आलेल्या वाचतोही. त्यांतल्या बहुतेक एकाच साच्यातून निघालेल्या असतात. 'आपण माझ्या अशिलाविषयी खोटा, बिनबुडाचा व खोडसाळ मजकूर प्रसिद्ध करून त्यांची समाजातील प्रतिष्ठा धुळीस मिळवली, सबब सात दिवसांत जाहीर माफी मागावी, अन्यथा पन्नास लाखांचा दावा दाखल करण्यात येईल.' खाली सही, शिक्का आणि तारीख. कोणत्या वाक्याने बदनामी झाली ते नाही, आणि त्या वाक्यातून वाचणाऱ्याला काय कळलं तेही नाही.

माझं म्हणणं असं आहे की, आपल्या समाजाच्या तक्रारी हवेत विरून जातात त्याचं एक मोठं कारण याच रिकाम्या जागेत आहे. मीडिया आपल्याविरुद्ध आहे, व्यवस्था ऐकत नाही, हे सगळं आपण बोलतो, आणि त्यात तथ्यही आहे. पण जिथे कायदा आपल्या हातात थोडी ताकद देतो, तिथेही आपण ती वापरत नाही, कारण आपल्याला काय म्हटलं गेलं हे आपण एका साध्या वाक्यात मांडत नाही.

भारतीय दंड संहितेचं कलम ४९९ आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ झालं आहे. १ जुलै २०२४ पासून नवा आकडा लागू आहे, गाभा तोच आहे. कायद्याच्या मराठीत त्यातला मुख्य शब्द आहे 'अभ्यारोप', म्हणजे एखाद्या माणसावर लादलेली गोष्ट. कायदा शब्दांना शिक्षा देत नाही. त्या शब्दांनी, खुणेने किंवा चित्राने माणसावर काय लादलं गेलं, ते तो पाहतो. या कलमाखाली दिलेली उदाहरणं मला फार आवडतात. कोणी म्हणतो, 'अमुक माणूस प्रामाणिक आहे हो, त्याने घड्याळ कधीच चोरलं नाही', आणि ऐकणाऱ्याला कळावं असं असतं की त्यानेच चोरलं. दुसऱ्याला विचारतात, घड्याळ कोणी चोरलं, तो न बोलता बोट दाखवतो. तिसरा त्या माणसाचं घड्याळ घेऊन पळतानाचं चित्र काढतो. तिन्ही ठिकाणी अभ्यारोप एकच आहे. एकोणिसाव्या शतकात हा मसुदा लिहिणाऱ्यांनी मोबाइल पाहिला नव्हता, पण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रांचा बंदोबस्त त्यांनी तेव्हाच करून ठेवला होता. आपल्या वऱ्हाडातल्या टोमण्यांचाही, कारण उपरोधाने केलेला अभ्यारोपसुद्धा अभ्यारोपच आहे, असं स्पष्टीकरण त्याच कलमाखाली आहे.

म्हणजे पहिलं काम अर्थ ठरवण्याचं. हे काम किती काटेकोरपणे करता येतं, ते ऑस्ट्रेलियात पाहायला मिळतं. तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या १९७४ च्या कायद्याने अशी रचना केली होती की, लेख हा दाव्याचा पाया नाही, त्या लेखातून निघणारा प्रत्येक अभ्यारोप हा स्वतंत्र दाव्याचा पाया. वादीने क्रमांक घालून लिहायचं: या बातमीचा अर्थ असा की, एक, मी लाच घेतली; दोन, मी लाच घेऊन ती लपवली. न्यायालय आधी विचारणार, हा अर्थ या मजकुरातून निघू शकतो का? मग, निघाला का? मग, तो बदनामीकारक आहे का? १ जानेवारी २००६ पासून तिथल्या राज्यांनी एकसारखा कायदा आणला आणि दाव्याचा पाया पुन्हा प्रकाशन हाच केला, पण अर्थ लिहून देण्याची शिस्त सुटली नाही. उलट २०२१ पासून ज्या राज्यांनी नव्या सुधारणा स्वीकारल्या, तिथे ती थेट नोटिशीपर्यंत आली. दाव्याआधी प्रकाशकाला नोटीस द्यावीच लागते आणि त्या नोटिशीत आपल्या मते कोणते अभ्यारोप निघतात ते सांगावंच लागतं. आपल्या सात दिवसांच्या साचेबंद नोटिशीला तिथे नोटीस म्हटलंच जाणार नाही.

त्यातलं एक प्रकरण आपल्या वाचकांना जवळचं वाटेल. ११ डिसेंबर २००५ ला सिडनीजवळच्या क्रोनुला किनाऱ्यावर अरब-लेबनीज चेहऱ्याच्या लोकांना लक्ष्य करणारी दंगल झाली. त्यानंतरच्या शांतता मेळाव्यात कायसर त्राद हे तिथले मुस्लिम कार्यकर्ते बोलले आणि त्यांनी एका रेडिओ केंद्रावर टीका केली. दुसऱ्या दिवशी त्या केंद्राने हवेतून त्यांना झोडपलं. त्राद कोर्टात गेले, ते 'माझी आणि माझ्या कौमची बदनामी झाली' एवढंच घेऊन नाही. त्यांच्या दाव्यात एकेक अर्थ सुटा होता: मी लोकांना हिंसाचाराला चिथावतो, मी लोकांना वंशद्वेषी वागायला चिथावतो, मी धोकादायक माणूस आहे, इस्लामी समाजाविषयी मी जाणूनबुजून चुकीची माहिती देतो. २००७ मध्ये ज्युरीने असे आठ अर्थ निघाले आणि ते बदनामीकारक आहेत असं ठरवलं. पुढे प्रत्येक अर्थाची वेगळी छाननी झाली. हा खरा आहे का? तो त्राद यांच्या टीकेला दिलेलं उत्तर म्हणून क्षम्य आहे का? प्रकरण २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च पायरीपर्यंत गेलं आणि रेडिओ केंद्राचं अपील अंशतः मान्य झालं. त्राद यांचा विजय झाला असं कोणी सांगू नये. पण 'हा माणूस चिथावणीखोर आहे' आणि 'हा माणूस लोकांना नकोसा झाला आहे' या दोन गोष्टींना एकच उत्तर देता येत नाही, हे त्या प्रकरणात सगळ्यांना मान्य करावं लागलं.

मी या पद्धतीचा भक्त नाही. न्यू साउथ वेल्समध्ये वकिलांनी विशेषणांवरून वर्षानुवर्षं भांडणं केली, आणि खटला उभा राहण्याआधीच अशिलाचे पैसे संपले. ड्रमॉइन नगरपरिषदेच्या १९९० च्या प्रकरणात तिथले मुख्य न्यायाधीश ग्लीसन यांनी शहाणपणाची गोष्ट सांगितली. कोणताही आरोप आणखी बारीक करता येतो आणि आणखी मोघमही करता येतो, कुठे थांबायचं हा व्यवहाराचा आणि न्याय्यतेचा प्रश्न आहे. तेवढीच मापाची शिस्त मला हवी आहे.

आता इकडे या. आपल्याकडे दिवाणी दाव्यात महत्त्वाची तथ्यं मांडलीच पाहिजेत, असं दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ६ सांगतो. दाव्याला कारणच दिसत नसेल तर आदेश ७ नियम ११ खाली वादपत्र दारातूनच परत जातं. मूळ शब्द जसेच्या तसे द्यावे लागतात. शब्द वरवर निरुपद्रवी असतील आणि दंश आत दडलेला असेल, तर तो गर्भितार्थ आणि तो कोणाला कशामुळे कळेल ती माहिती वेगळी मांडावी लागते. फौजदारीत पोलीस या गुन्ह्यावर एफआयआर घेत नाहीत, तक्रार थेट मॅजिस्ट्रेटपुढे करावी लागते, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी समोरच्याला बोलण्याची संधी मिळते. म्हणजे मोघम तक्रार आता पहिल्याच तारखेला उघडी पडते.

गर्भितार्थ म्हणजे काय, याचा वऱ्हाडातल्या माणसाने ऑस्ट्रेलियात शोध घ्यायची गरज नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये बडनेऱ्याचे आमदार रवी राणा यांनी अचलपूरचे आमदार बच्चू कडू यांच्यावर गुवाहाटीला जाण्यासाठी पैसे घेतल्याचा आरोप केला. कडूंनी पुरावा मागितला, प्रकरण चिघळलं, आणि ३१ ऑक्टोबरला मुख्यमंत्री व उपमुख्यमंत्र्यांच्या भेटीनंतर राणांनी आपले शब्द मागे घेतले. कोण खरं, कोण खोटं हा माझा विषय नाही. मला त्या काळात गाजलेला 'खोके' हा शब्द घ्यायचा आहे. शब्दकोश पाहिला तर खोका म्हणजे लाकडाची किंवा पुठ्ठ्याची पेटी. मुंबईच्या धंद्याच्या बोलीत पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी. हा शब्द घेऊन कोणी कोर्टात गेला, तर त्याला आधी हे मांडावं लागेल की बोलीत त्याचा अर्थ एक कोटी होतो, सगळ्या महाराष्ट्राला तो ठाऊक आहे, आणि त्या संदर्भात त्याचा अभ्यारोप 'निष्ठा विकली' असा होतो. हे न मांडता फक्त 'मला खोके म्हणाले' असं लिहिलं तर समोरचा वकील हसत म्हणेल, साहेब, पुठ्ठ्याच्या खोक्याबद्दल बोललो.

आमच्या वाट्याला येणारे शब्द याहून अवघड आहेत. मराठी वर्तमानपत्रांतला 'एका विशिष्ट समाजाचे तरुण' हा प्रयोग बघा. कागदावर त्यात काहीच नाही. अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि अकोल्याच्या जुन्या शहरात मे २०२३ मध्ये जे घडलं, त्या दिवसांत हा शब्द कोणाकडे बोट दाखवतो ते प्रत्येक वाचकाला माहीत होतं. घड्याळ कोणी चोरलं असं विचारल्यावर दाखवलेलं ते बोट आहे. 'मास्टरमाइंड', 'म्होरक्या', 'कनेक्शन', 'स्लीपर सेल' या प्रत्येक शब्दाचा अभ्यारोप वेगळा आहे, आणि आपण सगळ्यांना मिळून 'बदनामी' म्हणतो.

एका शब्दाचा अर्थ तर अकोल्याच्या विशेष न्यायालयाने स्वतःच तपासला. २०१५ च्या बकरी ईदला पुसदमध्ये मशिदीबाहेर पोलिसांवर हल्ला झाला. त्या प्रकरणात तिघांवर दहशतवादाची कलमं लागली. २०१९ च्या निकालात न्यायालयाने तिघांना त्या आरोपांतून मुक्त केलं. जिहाद या शब्दाचा मूळ अर्थ झटणं, संघर्ष असा आहे, आणि केवळ तो शब्द वापरला म्हणून कोणाला दहशतवादी ठरवता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. एकाला पोलिसांना दुखापत केल्याबद्दल शिक्षा झाली, तीही व्हायला हवीच होती. मला या निकालात हे मोलाचं वाटतं की न्यायालयाने दोन गोष्टी सुट्या केल्या. चाकू उचलला हे एक, शब्द उच्चारला हे दुसरं. आपल्या भागातल्या किती मथळ्यांनी त्या चार वर्षांत ही फोड केली होती?

आता इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सचा एक जुना निकाल, कारण तो इथे फार उपयोगाचा आहे. १९५८ मध्ये लंडनच्या दोन वृत्तपत्रांनी बातमी दिली की एका कंपनीच्या व्यवहारांची पोलिसांचं फसवणूकविरोधी पथक चौकशी करत आहे. कंपनी आणि तिचे अध्यक्ष लुईस यांनी दावा लावला: याचा अर्थ आम्ही फसवणूक केली. लॉर्ड्सनी १९६३ मध्ये सांगितलं, नाही. सर्वसाधारण, समंजस वाचक चौकशी सुरू आहे म्हटल्यावर संशय घेईल, पण लगेच गुन्हा सिद्ध झाला असं समजणार नाही. पुढे इंग्रजी न्यायालयांनी यातून तीन पायऱ्या केल्या: याने केलं, याने केलं असा संशय घ्यायला जागा आहे, चौकशी करायला जागा आहे. आपल्या वाचकाचा समंजसपणा मोजताना लॉर्ड्स जरा जास्तच उदार झाले असतील. इतवारा बाजारात 'चौकशी सुरू' वाचून फक्त चौकशीपुरतं थांबणारा वाचक मला अजून भेटलेला नाही. पण पायऱ्या खऱ्या आहेत.

त्या कशा वापरायच्या ते एका प्रकरणावरून सांगतो. २०२५ च्या सुरुवातीला उशिरा केलेल्या जन्मनोंदणीवरून अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत मोठा गदारोळ झाला. बांगलादेशी लोकांनी तहसीलमधून जन्मदाखले मिळवले असा आरोप झाला, शासनाने विशेष तपास पथक नेमलं. उशिरा नोंद करणं हाच मुळात गुन्हा आहे असं अनेकांना तेव्हा वाटू लागलं. तसं नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातच, एक वर्षानंतर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने नोंद करता येते अशी तरतूद पहिल्यापासून आहे. २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडून जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला. आणि अर्ज वाढणारच होते. घरी सुईणीच्या हातून जन्मलेल्या, शाळेत न गेलेल्या पिढीकडे दाखला येणार कुठून? त्यांत मुसलमान आहेत तसे पारधी आहेत, कोरकू आहेत, शेतमजूर आहेत.

अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली एक खाला, वय पासष्टच्या पुढे, उमऱ्याला जायचं म्हणून पासपोर्ट हवा, म्हणून दाखला काढला. एका स्थानिक यूट्यूब चॅनलने तहसीलच्या आवारातलं चित्रण दाखवलं, त्यात तिचा चेहरा स्पष्ट होता आणि पट्टी होती: 'बांगलादेशी घुसखोरांचा सुळसुळाट'. तिचा मुलगा माझ्याकडे आला. 'वकीलसाब, अम्मी को बांगलादेशी बोल दिए. अम्मी तो जिंदगी में नागपूर के आगे नहीं गई.' त्याआधी त्यांनी दुसऱ्याकडून एक नोटीस पाठवली होती, वर दिलेल्या साच्यातलीच. चॅनलचं उत्तर दोन ओळींचं होतं: आम्ही कोणाचंही नाव घेतलेलं नाही, आम्ही चौकशीची बातमी दिली, बातमी खरी आहे. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर चोख होतं, कारण नोटिशीनेच त्यांना पळायला तीन दारं उघडी ठेवली होती.

आम्ही दुसरी नोटीस लिहिली. व्हिडिओचा पत्ता, तारीख, आणि कोणत्या सेकंदापासून कोणत्या सेकंदापर्यंत चेहरा दिसतो ते. पट्टीतले शब्द जसेच्या तसे. त्या वेळी निवेदक काय बोलत होता ते जसंच्या तसं, हिंदीत बोललं ते हिंदीत. नाव घेतलेलं नसलं तरी गावात, नातलगांत, बचत गटात तिला ओळखणाऱ्यांनी तिला ओळखलं, त्यांतल्या दोघांची नावं. मग लिहिलं:

'वरील चित्रण व शब्द एकत्र पाहणाऱ्या सर्वसाधारण प्रेक्षकास माझ्या अशिलाविषयी पुढील अर्थ कळतो. एक, ती भारताची नागरिक नसून बांगलादेशातून बेकायदा आलेली आहे. दोन, तिने खोटी कागदपत्रे देऊन जन्मदाखला मिळवला आहे. हे दोन्ही अर्थ खोटे आहेत.'

एवढंच. तिसरा अर्थ, म्हणजे तिचा दाखला चौकशीच्या यादीत आहे, हा आम्ही घातला नाही. मुलगा रागावला, म्हणाला तेही लिहा, त्यानेच तर सगळं सुरू झालं. पण तालुक्यातले त्या काळातले सगळेच दाखले तपासले जात होते. ते विधान खरं होतं. दिवाणी कायद्यात सत्य हा पुरता बचाव आहे, फौजदारीत सत्याला सार्वजनिक हिताची जोड लागते. खरं विधान खोटं म्हणून दाव्यात घातलं, की समोरचा तिथूनच सुरुवात करतो आणि न्यायाधीशाच्या मनात आपल्या बाकीच्या दोन्ही अर्थांविषयी शंका पेरतो.

अर्थ निवडण्यात धोका असतो, याचं मराठी माणसाला माहीत असलेलं सर्वांत मोठं उदाहरण लोकमान्य टिळकांचं आहे, आणि त्यात आमची अमरावती आहे. व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकाराने १९१० मध्ये 'इंडियन अनरेस्ट' हे पुस्तक काढलं. टिळक तेव्हा मंडालेत. १९१४ मध्ये सुटून आल्यावर त्यांनी चिरोल आणि प्रकाशकाविरुद्ध लंडनमध्ये दावा लावला. आक्षेप घेतलेल्या मजकुरात रँडच्या खुनाचा भाग होता, नाशिकच्या जॅक्सनच्या खुनाचा होता, आणि ताई महाराज प्रकरणाचाही होता.

ताई महाराज प्रकरणात टिळकांची बाजू पोलादी होती. बाबा महाराजांच्या मृत्युपत्राप्रमाणे जे विश्वस्त होते त्यांत टिळकांबरोबर अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डेही होते. १९०१ मध्ये औरंगाबादला दत्तकविधान झालं तेव्हा खापर्डे बरोबर होते. मुंबई उच्च न्यायालयाने टिळकांविरुद्ध ताशेरे मारले, चिरोलने त्यावर आपलं लिखाण उभारलं, आणि १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवून दत्तक वैध ठरवलं. या एका अर्थावर चिरोलला फारसं काही उरलं नव्हतं.

पण दावा सगळ्या अर्थांचा होता. 'या मजकुराचा अर्थ मी खुनांना चिथावणी दिली असा होतो' असं वादीने म्हटलं, की प्रतिवादीला 'होय, आणि ते खरं आहे' म्हणता येतं. मग त्या अर्थाच्या दारातून केसरीच्या जुन्या फायली, १८९७ आणि १९०८ च्या राजद्रोहाच्या शिक्षा, सगळं आत येतं. चिरोलतर्फे सर एडवर्ड कार्सन यांनी नेमकं हेच केलं. न्यायमूर्ती डार्लिंग, इंग्रज ज्युरी, महायुद्ध नुकतंच संपलेलं. २१ फेब्रुवारी १९१९ ला निकाल चिरोलच्या बाजूने लागला. साम्राज्याच्या राजधानीत टिळकांना न्याय मिळाला असता असं मी म्हणत नाही. पण त्यांनी फक्त ताई महाराजांचा अर्थ घेऊन दावा लावला असता, तर कार्सनला रँडवर बोलायला फार कमी जागा मिळाली असती, हे माझं वकिली मत आहे. टिळकांना राजकीय लढाई लढायची होती, म्हणून त्यांनी ती मोठी केली, हेही खरं. आपण गल्लीतली माणसं मात्र टिळकांचा खर्च आणि टिळकांचा पराभव दोन्ही पेलू शकत नाही.

सभांमध्ये मला हमखास विचारतात की, संपूर्ण कौमची बदनामी केली तर आपण सगळे मिळून दावा का लावत नाही? कायद्यात समूहाची बदनामी आहे, पण समूह ठरावीक हवा, ओळखता येणारा हवा. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये अलीगडच्या सरकारी वकिलांना असा समूह मानलं, आणि १९७२ मध्ये द्रविड कळघमच्या परिषदेत जमलेल्या लोकांना मानलं नाही. कोट्यवधींचा समाज त्यात बसत नाही. समाजाविरुद्ध द्वेष पसरवला तर त्यासाठी वेगळी कलमं आहेत, त्यांचा पुरावा वेगळा आहे, वाट वेगळी आहे. २०२० मध्ये तबलीगच्या नावाने जो गोंधळ घातला गेला, त्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याच वर्षी २१ ऑगस्टला परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द करताना, माध्यमांतून मोठा अपप्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेलं, असं नोंदवलं. तो गुन्हे रद्द करण्याचा निकाल होता, अब्रूनुकसानीचा नाही. त्या दिवसांत ज्या भाजीवाल्याचा हातगाडीसकट व्हिडिओ 'हा थुंकून भाजी विकतो' म्हणून फिरला, त्याचा अर्थ मात्र एका ओळीत लिहिता येत होता, माणूस ओळखता येत होता, नुकसान मोजता येत होतं. आपण 'मुसलमानांची बदनामी' यावर पत्रकं काढली आणि त्या भाजीवाल्याला एकटं सोडलं. त्यातले बहुतेक जण धंदा बदलून मोकळे झाले.

हीच शिस्त आपल्याला घरातही लागेल, आणि तिथे ती जास्त बोचेल. आपल्या मोहल्ल्यात 'तो एजंट आहे', 'कौमचा गद्दार आहे', 'मुनाफिक आहे' हे शब्द चहाच्या टपरीवर सहज फेकले जातात, बहुतेक वेळा मुलींच्या शिक्षणावर, तलाकवर किंवा वक्फच्या हिशेबावर कोणी प्रश्न विचारला म्हणून. कोणाचा एजंट? किती पैसे घेतले? कधी? बोलणाऱ्याने हा अर्थ कागदावर लिहायचा ठरवला तर अर्ध्या वेळा त्याच्या हातात काही उरत नाही. आपल्या व्हॉट्सॲप गटाच्या ॲडमिननी एवढा एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली तरी पुष्कळ भांडणं तिथेच मिटतील, असा माझा अनुभव आहे. तक्रारदार झाल्यावर आपण काटेकोर आणि आरोप करताना मोघम, असं चालणार नाही.

पत्रकार मित्रांशी बोलताना मी हे उलट बाजूनेही सांगतो. बातमी लिहिताना तिचा अर्थ एका वाक्यात समासात लिहा: 'या बातमीने मी अमुक माणसावर हे लादतो आहे.' ते वाक्य सिद्ध करता येत नसेल तर मथळा एक पायरी खाली आणा. १८८२ मध्ये कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्याविषयी केसरी आणि मराठात छापलेला अर्थ स्पष्ट होता, दिवाण महाराजांचा छळ करत आहेत. आधाराला घेतलेली पत्रं मात्र बनावट निघाली, आणि टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा होऊन डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. अर्थ इतका उघड असल्यामुळे त्यांना 'आम्ही असं म्हटलंच नव्हतं' असं म्हणायला जागाही नव्हती.

खालाच्या प्रकरणात चॅनलने चार दिवसांत चेहरा झाकला. पट्टी काढायला आणि खुलासा द्यायला नकार दिला, म्हणून मॅजिस्ट्रेटपुढे तक्रार केली आहे. चॅनलच्या वकिलाने यावेळी 'आम्ही कोणाचं नाव घेतलं नाही' हा मुद्दा सोडला. त्याचा नवा मुद्दा असा की पट्टी सगळ्या बातमीला होती, त्या बाईला नव्हती. हा खरा वाद आहे, आणि तो चित्रण लावून, पट्टी आणि चेहरा किती वेळ एकत्र दिसतात ते पाहून ठरेल. तोवर मूळ व्हिडिओची प्रत, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रासह, फाइलला लावून ठेवली आहे. दिवाणी दाव्याची मुदत प्रकाशनापासून एक वर्ष असते. ती बहुतेकांची, फोनमधला व्हिडिओ नातलगांना दाखवता दाखवताच निघून जाते.